पहिली लिपी हिशेबाची होती

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिला होता, 'मानवाच्या पहिल्या संस्कृती कशा उदयाला आल्या?' तुमच्यापैकी जे स्पर्धा परीक्षा देतात त्यांना हा धडा पाठ आहे. नदी, गाळ, शेती, जास्तीचं धान्य, शहर, राजा, लिपी. चार नद्या आणि चार संस्कृतींच्या जोड्या लावल्या की दोन गुण. मीही तो असाच पाठ केला होता. आज या साखळीतल्या शेवटच्या कडीपाशी आपण थांबू. माणसाने लिहायला का सुरुवात केली? आणि सगळ्यात आधी काय लिहिलं?

हा प्रश्न निवडण्याचं कारण सांगते. या खोलीतल्या बहुतेकांच्या घरात लिहिणं-वाचणं येऊन एकच पिढी झाली आहे. आपल्या मनावर लहानपणापासून ठसलेलं असतं की लेखन म्हणजे मंत्र, काव्य, शास्त्र. ती फार वरची गोष्ट, ती जपणारे लोक वेगळे, आणि आपण तिथे उशिरा, उसन्या चपला घालून आलेले पाहुणे. पहिल्या लिपीचा पुरावा मात्र काही वेगळं सांगतो.

आजच्या इराकच्या दक्षिणेला वारका नावाची जागा आहे. पाच हजार वर्षांपूर्वी तिथे उरुक हे शहर होतं. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांनी आणलेल्या गाळाचा हा सपाट प्रदेश. पाऊस इतका कमी की कालव्याशिवाय पीक येत नाही. दगड नाही, धातू नाही, इमारतीचं चांगलं लाकूड नाही. हाताशी काय, तर माती, पाणी, नदीकाठचा बोरू आणि जव. एवढ्या भांडवलावर इ.स.पू. ३२०० च्या सुमारास तिथे जवळपास अडीच चौरस किलोमीटरवर पसरलेलं शहर उभं होतं. त्यात हजारो माणसं राहत होती.

पुस्तकात लिहिलेलं असतं की शेतीतून वरकड उत्पन्न आलं आणि त्यातून शहर झालं. 'नागरी क्रांती' ही कल्पना मांडणाऱ्या गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञानेही वरकडीला मोठं स्थान दिलं. पण वरकड आपोआप साचत नाही. तुर्कस्तानात चातालह्युयुक नावाची वसाहत आहे, उरुकच्या किती तरी आधीची, इ.स.पू. ७१०० च्या सुमाराला सुरू झालेली. तिथे शेती होती, गुरं होती, हजारो माणसं एकमेकांना चिकटलेल्या घरांत हजार वर्षं राहिली. घरं साधारण सारख्या मापाची. राजवाडा सापडलेला नाही, सरकारी कोठार सापडलेलं नाही. म्हणजे शेती आली, वस्ती दाटली की मालक येतोच, असं काही नाही.

मग उरुकमध्ये काय वेगळं झालं? तिथे एक मोठी संस्था उभी राहिली, देवळाच्या आवाराभोवतीची. ती धान्य गोळा करत होती, साठवत होती आणि वाटत होती. या कामाला जव अगदी सोयीचं पीक. ते एकाच सुमारास पिकतं, जमिनीच्या वर डोळ्यांना दिसतं, वाळवून ठेवता येतं, मापाने मोजता येतं. जे दिसतं आणि मोजता येतं, ते वसूल करता येतं. जेम्स स्कॉट या अभ्यासकाने हा मुद्दा फार चांगला मांडला आहे: पहिली राज्यं धान्याच्या जोरावर उभी राहिली, कंदमुळांच्या नाही. जमिनीत पुरलेल्या कंदावर कर बसवणं अवघड जातं.

पण हजारो पोती आली-गेली, की ती लक्षात ठेवणार कोण? लिपीचा जन्म इथे आहे. त्या भागात फार पूर्वीपासून मोजणीसाठी मातीचे छोटे शंकू, गोळ्या, चकत्या वापरत. डेनिस श्मांट-बेसेरा या संशोधक बाईंनी त्यांचा माग काढत आयुष्य घालवलं. पुढे या गोळ्या मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वरून शिक्का मारू लागले. मग गोळ्या आत ठेवण्यापेक्षा ओल्या मातीच्या पाटीवर त्यांच्या खुणाच उमटवू लागले. आणि इ.स.पू. ३३०० ते ३२०० च्या सुमारास बोरूच्या टोकाने आकड्यांशेजारी चिन्हं कोरली जाऊ लागली. कशाचे आकडे, ते सांगणारी.

उरुकमध्ये अशा जवळपास पाच हजार पाट्या आणि तुकडे सापडले. दहांपैकी जवळजवळ नऊ पाट्यांवर हिशेब आहे. किती जव आला, किती मेंढ्या, कुणाला किती दिलं. त्यात स्तोत्र नाही, महाकाव्य नाही, राजाचं चरित्र नाही. ते सगळं शेकडो वर्षांनी आलं.

उरलेल्या पाट्यांवर शब्दांच्या याद्या आहेत, नवशिक्या लेखनिकांनी गिरवायच्या. त्यांतली एक प्रसिद्ध यादी हुद्द्यांची आणि व्यवसायांची आहे. सगळ्यात वर सर्वांत मोठा मानकरी, मग खाली खाली. पुढची अनेक शतकं लेखनिकांची पोरं हीच यादी त्याच क्रमाने गिरवत राहिली. अक्षर शिकता शिकता कोण वर आणि कोण खाली हेही हाताला वळण लागत होतं. आपल्याला हे नवीन नाही.

पाट्यांवरचा एक मजकूर अभ्यासकांमध्ये गाजलेला आहे. २९,०८६ मापं जव, ३७ महिने, आणि खाली एक नाव: कुशिम. हा जव बहुधा बिअर गाळायच्या कामाचा. कुशिम हे माणसाचं नाव की हुद्द्याचं, यावर वाद आहे. माणसाचं असेल, तर मानवी इतिहासात लिहून ठेवलेलं हे अगदी पहिल्या नावांपैकी एक. ते नाव राजाचं नाही, ऋषीचं नाही, हिशेबनीसाचं आहे.

आता या वहीत मजूर कुठे आहे ते पाहू. उरुकमध्ये आणि आसपासच्या मोठ्या प्रदेशात एक वाडगं ढिगाने सापडतं. जाड, ओबडधोबड, तिरक्या काठाचं, साच्यात दाबून भराभर केलेलं. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते मजुरांना शिधा वाटण्याचं होतं. लिपीत याच वाडग्याच्या आकाराचं चिन्ह अन्नासाठी आलं. माणसाचं डोकं आणि त्याच्यापुढे वाडगं, की अर्थ झाला 'खाणं'. बाईचं चिन्ह आणि डोंगराचं चिन्ह शेजारी ठेवलं की अर्थ झाला 'दासी', म्हणजे डोंगरापलीकडून, परक्या मुलखातून आणलेली बाई. रॉबर्ट एंग्लंड या अभ्यासकाने या पाट्या आयुष्यभर वाचल्या. त्यांनी दाखवलं की सक्तीच्या मजुरांची मोजणी आणि गुरांची मोजणी यांची पद्धत एकमेकींना मिळतीजुळती आहे. तशीच नर-मादी, तशीच वयाप्रमाणे विभागणी.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. मला उरुक दिसेना, आमच्या भट्टीवरची वही दिसू लागली. विषयाला धरून आहे म्हणून सांगते.

आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या गावातून दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर जायची. माय, बाबा आणि आम्ही तिघं भावंडं. पावसाळ्यात मुकादम उचल देऊन जायचा, ती फेडायला सहा-सात महिने विटा थापायच्या. हजार विटांमागे दर ठरलेला. हिशेब मुकादमाच्या डायरीत. मी सातवीत होते. हंगाम संपला, हिशेबाला बसले सगळे, आणि बाबांनी मला पुढे केलं. "पोरीला वाचता येतं, तिला बघू द्या."

मुकादम हसला आणि त्याने डायरी माझ्यापुढे सरकवली. मी वाचत गेले. एकच उचल दोन वेगळ्या तारखांना लिहिलेली होती. ती मी बोट ठेवून दाखवली. थोडी तणतण झाली, पण चार माणसं ऐकत होती, त्याला एक ओळ खोडावी लागली. पण मला जास्त आठवते ती दुसरी गोष्ट. पानाच्या वर बाबांचं नाव होतं, त्यापुढे एकच शब्द: 'जोडी'. मायचं नाव त्या डायरीत कुठेही नव्हतं. पहाटे तीनला उठून माती तुडवणारी, गारा कालवणारी, दिवसभर विटा पलटणारी बाई त्या वहीत अर्ध्या शब्दाएवढी होती.

आणि हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. पुढच्या हंगामाला त्या भट्टीवर आम्हाला घेतलं नाही. वाचता येणारी पोर असलेली जोडी मुकादमाला नको होती.

म्हणून मला उरुक परकं वाटलं नाही. त्याहून अधिक ओळखीचा निघाला त्यानंतर हजारेक वर्षांचा काळ. इ.स.पू. २११२ ते २००४ च्या दरम्यान उर या शहरातून एक राजवंश राज्य करत होता. त्या काळच्या हिशेबाच्या पाट्या हजारोंनी आहेत. मजूर पुरुषाला महिन्याला साधारण साठ लिटर जव, मजूर बाईला तीस. पोरांना त्याहून कमी, वयाप्रमाणे. दळणाऱ्या आणि विणणाऱ्या बायकांच्या तुकड्याच होत्या. त्या काळच्या उम्मा या नगरातल्या मुकादमांचे हिशेब एंग्लंड यांनी उलगडले. वर्षाच्या सुरुवातीला मुकादमाच्या नावावर अमुक इतके मजूरदिवस येणं लिहिलेलं. वर्षभरात झालेलं काम त्यातून वजा. काम कमी पडलं की बाकी पुढच्या वर्षाच्या माथ्यावर. बहुतेक हिशेबांत बाकी निघतेच. मुकादम मेला तर त्याच्या घरादारातून ती वसूल केल्याच्या नोंदी आहेत. 'मागील बाकी' हा शब्द किती जुना आहे बघा. चार हजार वर्षांपूर्वीच्या पाटीवरही तो पहिल्या ओळीत बसलेला आहे.

इथे थांबलं तर तुम्ही म्हणाल, ताई, म्हणजे संस्कृती आली की हे यायचंच का? वरचे आणि खालचे ही शहराची किंमतच आहे का? हा प्रश्न आपल्याला नेहमी दुसऱ्या शब्दांत ऐकवला जातो. 'जात म्हणजे फक्त कामाची वाटणी, ती सगळ्याच समाजांत होती, त्याशिवाय समाज चाललाच नसता.' तेव्हा त्याचं उत्तर नीट देऊ.

पहिलं उत्तर मेसोपोटेमियातूनच मिळतं. उर, उरुक इथली उतरंड कठोर होती, पण त्या समाजाला ती मोडता येते हे ठाऊक होतं. इ.स.पू. २४०० च्या सुमारास लगश या नगराचा राजा एनमेतेना याच्या एका लेखात 'अमार्गी' हा शब्द येतो. कर्जापायी किंवा सक्तीने बांधल्या गेलेल्या माणसांची सुटका, असा त्याचा अर्थ. शब्दशः अर्थ, 'आईकडे परत जाणं'. स्वातंत्र्यासाठी सापडणाऱ्या सगळ्यात जुन्या शब्दांपैकी हा एक. पुढेही त्या भागातले राजे अधूनमधून कर्जं माफ करत, गहाण पडलेल्या माणसांना घरी पाठवत. ते दयाळू होते म्हणून नव्हे. सगळी प्रजा सावकाराच्या दारात बांधली गेली तर राजाची शेती आणि सैन्य कोण चालवणार, हा हिशेब त्यामागे होता. पण हेतू काही असो, तिथला दास कर्जाने दास झाला होता किंवा युद्धात पकडला गेला होता. तो सुटू शकत होता. एखाद्याच्या पोटी जन्मला म्हणून त्याचं शरीर कायमचं विटाळलेलं आहे, त्याच्या सावलीने पाणी बाटतं, असं काही त्या हिशेबात नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि कधीच होऊ न दिलेल्या भाषणात हाच फरक केला होता. श्रमांची विभागणी वेगळी आणि श्रमिकांचीच विभागणी वेगळी. पहिली सगळ्या संस्कृतींत सापडते. दुसरीला जन्माचं कुलूप लागतं.

दुसरं उत्तर सिंधूच्या काठचं. हडप्पा संस्कृतीची शहरं इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात भरभराटीत होती. मोहेंजोदडो, हडप्पा, धोलावीरा, राखीगढी. हिशेब तिथेही होता आणि फार काटेकोर होता. चौकोनी दगडी वजनं दूरदूरच्या गावांत एकाच मापाची सापडतात. भाजलेल्या विटांचं जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण १:२:४. विटा थापणाऱ्या घरातली असल्याने मला हे प्रमाण विशेष वाटतं, कारण या प्रमाणातली वीट आडवी-उभी कशीही लावली तरी सांधा बसतो. एकट्या मोहेंजोदडोत सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा अंदाज आहे. बऱ्याच घरांत न्हाणीची फरशी आहे, तिचं पाणी गल्लीतल्या झाकलेल्या गटारात जातं.

एवढं सगळं असून, उत्खननाला शंभर वर्षं झाली तरी, निर्विवाद राजवाडा मिळालेला नाही. सोन्याने मढवलेली राजाची कबर मिळालेली नाही. ज्या छोट्या पुतळ्याला 'पुरोहित राजा' म्हणतात, ते नाव उत्खनन करणाऱ्यांनी दिलेलं आहे, पुतळ्यावर तसं काही कोरलेलं नाही. अॅडम ग्रीन या संशोधकाने २०२० मध्ये एका लेखात साठलेला सगळा पुरावा तपासून म्हटलं की या पुरोहित राजाला आता निरोप द्यायला हवा. मोठी शहरं, दूरचा व्यापार आणि काटेकोर मापं, हे सगळं राजघराण्याशिवायही उभं राहिलं.

पण इथे मला आपल्याच चळवळीतल्या मित्रांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जरा आवडणार नाहीत.

एक. हडप्पा म्हणजे आपला सुवर्णकाळ असं चित्र रंगवायची घाई करू नका. घरं लहान-मोठी होतीच. ती गटारं आणि शोषखड्डे कुणीतरी उपसत होतं, गाळ काढल्याच्या खुणा उत्खननात दिसतात. आपल्या पाठ्यपुस्तकात गटारांचं कौतुक असतं, पण ती उपसणाऱ्याबद्दल एक वाक्य नसतं. हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. मात्र उत्तर म्हणून आजची जात उचलून चार हजार वर्षं मागे नेऊन ठेवायची नाही. तसं केलं तर जात अनादि आहे, हे समोरच्याचंच म्हणणं आपण सिद्ध करून देतो.

दोन. 'हडप्पा कुणाची' या वारसाहक्काच्या भांडणात ताकद घालवू नका. २०१९ मध्ये राखीगढीच्या एका बाईच्या सांगाड्यातला डीएनए प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या संशोधनात होते. त्या बाईसारखा वंशांश आज भारतातल्या बहुतेकांत कमी-जास्त आहे, वरच्या म्हणवणाऱ्यांत आणि खालच्या ठरवलेल्यांतही. आपल्या कामाचा पुरावा दुसरीकडे आहे. २०१३ मध्ये प्रिया मुरजानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या अनेक समूहांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते, आणि त्यानंतर मिसळणं थांबत गेलं. समूहाबाहेर लग्न करणं बंद होत गेलं. म्हणजे हडप्पाची शहरं ओस पडल्यानंतरही कितीतरी शतकं इथे दारं उघडी होती. ती नंतर बंद केली गेली. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये, विद्यार्थी असताना, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे असं म्हटलं होतं. शंभर वर्षांनी प्रयोगशाळा त्याच दाराशी आली.

याचा सरळ अर्थ घ्या. शेती, शहर, लिपी, गटार, व्यापार हे सगळं जातीच्या आधी झालेलं आहे. जातीने संस्कृती उभी केली नाही. उभ्या राहिलेल्या घरात ती मागाहून शिरली. जिला सुरुवातीची तारीख आहे, ती निसर्गनियम असू शकत नाही.

आता परत वहीकडे येते. लिपी हिशेबनिसाच्या हातात जन्मली हे खरं, पण ती त्याच्याच हातात राहिली नाही. इजिप्तमध्ये राजांच्या कबरी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं, त्याला आज देर अल-मदिना म्हणतात. त्या गावात लिहिता-वाचता येणारे कारागीर बरेच होते. खापरांच्या आणि दगडांच्या कपच्यांवर त्यांनी काय काय लिहून ठेवलं आहे! हजेरीची एक प्रसिद्ध कपची आहे, त्यात कोण कोणत्या दिवशी आला नाही आणि का, ते नावानिशी आहे. कुणाला विंचू चावला, कुणी बिअर गाळत होता, कुणाच्या घरी आईचं मरण झालं. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं कारण. तिथे 'जोडी' नाही.

याच गावात इ.स.पू. बाराव्या शतकात, तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, शिध्याचं धान्य थकलं. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी मिळालं नाही. कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली, चौकीच्या भिंती ओलांडून ते बाहेर पडले आणि राजाच्या देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, हे वर कळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. अधिकाऱ्यांनी समजावलं, दरडावलं, ते उठले नाहीत. थकलेलं धान्य द्यावं लागलं. पुन्हा थकलं, पुन्हा बसले. जगातला नोंदवलेला पहिला संप म्हणून तो ओळखला जातो. ही नोंद आपल्यापर्यंत आली कारण गावातल्याच अमेननख्त या लेखनिकाने ती लिहून ठेवली. तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. ज्या प्रकारच्या लिखाणाने शिधा मोजला जायचा, त्याच लिखाणात शिधा थकल्याची फिर्याद नोंदली गेली.

आपल्याकडे हे जोतीरावांना फार नेमकं समजलं होतं. १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते अडाणी शेतकऱ्याला कागदात, दफ्तरात, कचेरीत कसं नाडलं जातं त्याचं वर्णन करतात. शाळा काढण्याचा त्यांचा आणि सावित्रीमाईंचा आग्रह केवळ ज्ञानाच्या गोडीचा नव्हता. कुणाच्या हातात वही आहे आणि कुणाच्या हातात अंगठा आहे, हा त्यामागचा रोकडा प्रश्न होता.

म्हणून मी तुम्हाला पदवीधर म्हणून एक काम सांगणार आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा घरातली वही शोधा. आई रोजगार हमीवर जात असेल तर मस्टर पाहा, ऑनलाइन असतं. हजेरी किती मांडली, मजुरी कुणाच्या खात्यात गेली? वडील ऊसतोडीला जात असतील तर कोयत्याची उचल कुणाच्या हस्ताक्षरात आहे ते विचारा. रेशनकार्ड, सोसायटीचं कर्ज, बचतगटाचं पासबुक. त्याचे फोटो काढा, तारखा लावा, आईचं नाव कुठे आहे आणि कुठे नाही ते बघा. शेजारच्या चार घरांचंही बघा. एकट्याने बोट ठेवलं तर पुढच्या हंगामाला काम जातं, हे मी अनुभवलं आहे. देर अल-मदिनाचे लोक एकेकटे गेले नव्हते.

शेवटचं. मी आता वीटभट्टीवरच्या स्थलांतरित मजुरांवरच संशोधन करते. म्हणजे माझ्याही हातात एक वही आहे. सुरुवातीला मी त्यात लिहायचे, 'बाई, वय अंदाजे ४५, शिक्षण नाही, तीन मुलं'. एक दिवस एका आजीने माझ्या वहीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "माय, माझं काय लिहिलंस ते वाचून दाखव की." मी वाचलं. ती म्हणाली, "ह्यात मी कुठंय?"

त्या दिवसापासून मी आधी तिथल्या बाईचं नाव विचारते, तिने सांगितलेलं लिहून घेते, आणि उठण्याआधी तिला वाचून दाखवते. चुकलं असेल तर ती दुरुस्त करते, आणि बऱ्याच वेळा चुकलेलं असतं.

जय भीम. जय सावित्री.